ब्रीद आणि वारसा

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सौसरच्या जवळ, जामसांवली येथे मारुतीचे जे स्थान आहे, ते ज्यांनी पाहिले असेल त्यांच्या मनात एक गोष्ट कायमची राहून जाते. आपल्याकडे मारुती उभा असतो. तो द्रोणगिरी उचललेला असतो, नाही तर रामापुढे हात जोडून असतो. जामसांवलीचा मारुती मात्र पिंपळाखाली आडवा पहुडलेला आहे. ही मूर्ती पूर्वी उभी होती. तिच्याखालील धन काढावयास काही लोभी माणसे आली तेव्हा देव त्या जागेवर आडवा झाला, अशी कथा त्या परिसरात सांगतात. श्रद्धाळू माणसास ती कथा पुरेशी आहे. परंतु त्या मूर्तीसमोर बसले असता महाभारतातील दुसरा एक प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही, आणि आजच्या लेखाचा विषय त्या प्रसंगातूनच निघतो.

वनपर्वात भीमसेन द्रौपदीसाठी सौगंधिक कमळे आणावयास निघाला असता वाटेत एक वृद्ध वानर आडवा पडलेला त्याला दिसतो. वाट सोड, असे भीम त्याला दरडावतो. तू कोण, असे वानराने विचारताच भीम आपली ओळख देतो, आणि ती देताना प्रथम कुळाचा उच्चार करतो. मी क्षत्रिय, सोमवंशातला, कुरूंच्या कुळातला, कुंतीचा पुत्र, वायूपासून झालेला. वानर ते सर्व ऐकून घेतो आणि म्हणतो, मला उठवत नाही; माझे शेपूट बाजूस सार आणि जा. पुढची कथा सर्वांस ठाऊक आहे. एवढ्या थोर वंशावळीच्या धन्याला ते शेपूट तसूभरही हलविता आले नाही. आणि ज्या वायूचे नाव त्याने मोठ्या अभिमानाने घेतले होते, त्याच वायूचा तो वृद्ध वानरही पुत्र होता, म्हणजे भीमाचा वडील भाऊ होता!

माणसाला कुळाचा अभिमान असावा काय? आणि असावा तर तो कोणत्या गोष्टीचा? रक्ताचा, नावाचा, की आणखी कशाचा? हा प्रश्न आपल्या देवळांच्या समाजाला परका नाही. आपली कुलदैवते आहेत, गोत्रे आहेत, कुलाचार आहेत; देवळाच्या उत्सवात कोणत्या घराण्याचा मान पहिला यावरून आपल्यात वादही होतात. परंतु स्वतःच्या घराकडे पाहताना दृष्टी स्वच्छ राहत नाही. यास्तव थोडे दूर, स्कॉटलंडकडे जाऊन हा प्रश्न पाहू. ते दूरचे उदाहरण मुद्दाम शोधून आणलेले नाही. सौसर आणि पांढुर्ण्याचा हा मुलूख एके काळी देवगडच्या गोंड राजांचा होता. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला, आणि १८५४ साली भोसल्यांचे राज्य ज्या हाताने खालसा केले तो हात एका जुन्या स्कॉटिश घराण्यातला होता. त्या घराण्याच्या ढालीवर एक पक्षी होता आणि ढालीसोबत एक ब्रीद होते.

युरोपातील सरदार चिलखत घालून लढत. लोखंडी टोपाखाली चेहरा दिसत नसे, म्हणून ढालीवर ओळखीची खूण रंगविण्याची चाल पडली. पुढे ती खूण बापाकडून मुलाकडे येऊ लागली, तिच्याभोवती टोप, तुरा, आधार देणारे पशू आणि ब्रीदवाक्य अशी रचना झाली, आणि तिला कुलचिन्हाचे रूप आले. स्कॉटलंडने या बाबतीत फार कडक शिस्त राखली. तेथे लॉर्ड लायन नावाचा अधिकारी असतो, त्याचे स्वतःचे न्यायालय आहे, आणि १६७२ च्या कायद्यान्वये सर्व चिन्हांची सरकारी नोंदवही ठेवली जाते. दुसऱ्याचे चिन्ह वापरणे हा तेथे आजही गुन्हा आहे.

या शिस्तीतला एक नियम विचार करण्याजोगा आहे. आपण सहज म्हणतो, 'अमक्या घराण्याचे चिन्ह'. स्कॉटलंडचा कायदा मात्र असे मानीत नाही. तेथे चिन्ह एका वेळी एकाच व्यक्तीचे असते. ते वारसाकडे जसेच्या तसे जाते. धाकट्या भावाला तेच चिन्ह हवे असेल तर त्यात काही फरक करून घ्यावा लागतो. मग त्या कुळातल्या हजारो सामान्य माणसांनी काय करावे? त्यांना आपल्या नायकाच्या तुऱ्याची प्रतिमा वापरता येते, पण ती एका पट्ट्याच्या वर्तुळात बसवून. त्या पट्ट्याला बक्कल असते आणि त्यावर नायकाचे ब्रीद कोरलेले असते. त्या पट्ट्याचा अर्थ असा, की हे चिन्ह माझ्या मालकीचे नाही. ज्याचे आहे त्याच्याशी मी निष्ठेने बांधलेला आहे. मालकी एकाची आणि निष्ठा सर्वांची, असा हा भेद आहे. हजारो माणसे ज्या चिन्हावर गर्व करितात ते त्यांनी 'माझे' म्हणून नव्हे, तर 'मी याचा' म्हणून धारण करावयाचे असते. आपल्या कुलदैवताशी आपले नाते याहून वेगळे काय आहे? मंगेश आमचा, असे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो. पण देवळात डोके ठेविताना मनात असते ते हे, की आम्ही मंगेशाचे.

दुसरे साम्य याहूनही जवळचे आहे. डोंगराळ स्कॉटलंडमधील कुळांना प्राण्यापक्ष्यांच्या चिन्हांबरोबर वनस्पतींचीही चिन्हे आहेत. मॅकडोनल्ड कुळाचे लोक हेदर या माळावरच्या झुडपाची डहाळी टोपीत खोवीत, ग्रँट कुळाचे लोक पाइनची. हे वाचताच मराठी माणसास देवक आठवेल. लग्नाच्या आधी देवक बसवितात. कोणाचे कळंब, कोणाचे पंचपल्लव, कोणाचे मोरपीस. ज्यांचे देवक एक ते भाऊबंद, म्हणून त्यांच्यात सोयरीक होत नाही. आणि जे झाड देवकाचे त्यावर कुऱ्हाड चालवावयाची नाही, असा जुना दंडक. सातपुड्याच्या कुशीतील गोंडांतही कुळाकुळाचे झाड, पशू किंवा पक्षी ठरलेला असतो आणि त्यास इजा न करणे हे त्या कुळाचे व्रत असते. इतक्या दूरच्या माणसांनी एकमेकांस न विचारता एकच गोष्ट केली. मात्र या चालींतील एक अंश विशेष लक्षात घ्यावा. देवक हे मिरविण्याच्या आधी पाळावयाचे असते. कळंब ज्याचे देवक आहे त्याला कळंबाकडून काही मिळत नाही. उलट कळंबाविषयी त्याच्यावर एक जबाबदारी येते.

आपल्या भाषेने हे रहस्य एका शब्दात साठवून ठेविले आहे. बिरुद आणि ब्रीद हे मूळचे एकच. बिरुद म्हणजे पदवी, मानाची खूण, पराक्रमाची घोषणा, ते मिरवितात. त्याच शब्दाचे मराठीत ब्रीद झाले, आणि ब्रीद मिरवीत नाहीत, ब्रीद राखतात. ते राखले नाही तर ब्रीद गेले असे म्हणतात. आपल्या संतांनी देवालासुद्धा या शब्दाने अडविले आहे. पतितपावन हे तुझे ब्रीद असेल तर ते खरे करून दाखव, असे म्हणण्याचा हक्क भक्ताने घेतला. देवाच्या ब्रीदाची जर अशी परीक्षा होते, तर माणसाच्या ब्रीदाची का होऊ नये?

आता स्कॉटलंडच्या दोन घराण्यांची गोष्ट पाहू. डग्लस घराण्याच्या ढालीवर तांबडे हृदय आहे. ते तेथे कसे आले? राजा रॉबर्ट ब्रूस १३२९ मध्ये वारला. धर्मयात्रेला जाण्याचा त्याचा नवस राहून गेला होता, म्हणून आपले हृदय तरी तिकडे न्यावे अशी त्याची इच्छा होती. सर जेम्स डग्लसने ते हृदय बरोबर घेतले आणि १३३० मध्ये स्पेनमध्ये लढता लढता तो पडला. मेलेल्या धन्याला दिलेला शब्द पाळताना प्राण गेला, म्हणून त्या घराण्याच्या ढालीवर हृदय चढले. चिन्हामागे एवढे मोल असेल तर त्यापुढे कोणाचेही मस्तक लवेल.

परंतु पुढची हकीकतही सांगितली पाहिजे. बारा वर्षांनी, १३४२ मध्ये, त्याच डग्लस आडनावाच्या विल्यम नामक सरदाराने, एका अधिकारपदाच्या मत्सराने, सर अलेक्झांडर रॅमसे या शूर योद्ध्याला पकडले. हर्मिटेज नावाच्या किल्ल्यात त्याला कोंडले आणि अन्नावाचून मरू दिले. हृदय वाहून नेणारा डग्लस आणि भुकेने मारणारा डग्लस, एकाच नावाचे दोघे! नावाने त्यातल्या पहिल्याला घडविले असेल असे मानावे, तर दुसऱ्याला का अडविले नाही? कुळाचे चिन्ह माणसाला उत्तम मार्ग दाखविते, एवढेच ते करू शकते. त्या मार्गाने चालण्याचे काम प्रत्येक पिढीला नव्याने करावे लागते. पूर्वजांचे पुण्य हे वडिलोपार्जित शेतासारखे नसते. शेत वारसाकडे नांगरलेले जाऊ शकते, पुण्य जात नाही.

भुकेने मेलेला तो रॅमसे डलहौसीचा होता. त्याच घराण्यात १८१२ साली डलहौसीच्या किल्ल्यात जेम्स रॅमसे जन्मला, आणि १८४८ ते १८५६ पर्यंत तो हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होता. त्या घराण्याच्या ढालीवर पंख पसरलेला काळा गरुड आहे आणि ब्रीद आहे लॅटिन भाषेतले, ज्याचा अर्थ, प्रार्थना करा आणि श्रम करा. गरुड म्हणजे उंच जाणारा, दूरवर पाहणारा. आणि ब्रीद जुन्या ख्रिस्ती मठांतल्या जोगी लोकांच्या आयुष्याचे सार सांगणारे. वास्तविक यात आपल्यालाही आक्षेप घेण्यासारखे काही नाही. आपल्या विष्णूचे नाव गरुडध्वज आहे, आणि नाम व काम यांची सांगड घालावी हे तर आपल्या वारकऱ्यांचेच शिकविणे. डलहौसी श्रमाच्या बाबतीत ब्रीदाला जागलाही. रेल्वे, तार, टपाल यांची उभारणी त्याच्या कारकिर्दीतली. त्याने प्रकृतीची पर्वा न करता काम केले.

पण गरुडाची दृष्टी एका जागी अधू ठरली. नागपूरचे तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी औरस पुत्रावाचून वारले. राजस्त्रियांनी आप्तांतील यशवंतराव या मुलास दत्तक घेऊन त्याचे नाव जानोजी ठेविले. डलहौसीने हे दत्तविधान राज्याच्या वारशापुरते मानले नाही. त्याचे म्हणणे असे, की अंकित संस्थानात सार्वभौम सत्तेच्या संमतीवाचून घेतलेला दत्तक धर्मकृत्ये करो, पण त्याला राज्य मिळणार नाही. सातारा याच न्यायाने गेले होते, झाशीही गेली, आणि १८५४ मध्ये नागपूरही गेले. राजवाड्यातले हत्ती, घोडे विकले गेले, जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास रवाना झाले. वृद्ध बाकाबाईसाहेबांच्या निषेधाचा उपयोग झाला नाही. सौसर, पांढुर्णे, जामसांवली या गावांचा धनी त्या दिवशी बदलला.

राज्य गेले हा राजकारणाचा भाग, तो येथे बाजूस ठेवू. त्यामागचा नैतिक प्रश्न हा, की वारस कोण? रक्ताने झालेला तोच वारस, की संस्काराने केलेलाही वारस? आपल्या धर्मशास्त्राने याचे उत्तर फार पूर्वी दिले. विधिपूर्वक घेतलेला दत्तक त्या गोत्राचा होतो, पिंडदानाचा अधिकारी होतो, देवघरातला टाक त्याच्या हाती येतो. कुळ हे देहाबरोबर संपत नाही. ते चालविण्याचा संकल्प जो उचलतो त्याच्या रूपाने ते चालू राहते, हा त्यामागचा विचार.

या विचाराचे उत्तम उदाहरण डलहौसीच्या स्वतःच्या घरातच होते. त्याचे सख्खे काका विल्यम जन्माने रॅमसे, पण आजोळाकडून नव्हे, तर वडिलांच्या आजोळाकडून त्यांना पॅनम्यूर येथील मोठी जहागीर आली, तेव्हा त्यांनी रॅमसे नाव मागे ठेवून मॉल हे नाव आणि मॉल घराण्याचे चिन्ह धारण केले. दुसऱ्याचे कुळ चालविण्यासाठी माणसाने नाव व चिन्ह बदलावे, ही रीत स्कॉटलंडच्या सरदारांत मान्य होती. मुलगा नसेल तर मुलीकडे चिन्ह जाणेही मान्य होते. म्हणजे दत्तकामागचे तत्त्व त्या गरुडाच्या घरट्यात ठाऊक होते. समुद्रापलीकडे, दुसऱ्याच्या दारात, ते ओळखता आले नाही एवढेच.

पुढे काळाने जे केले ते सांगताना आनंद मानू नये. तो एका दुःखी माणसाचा शेवट आहे. डलहौसी प्रकृती पार खालावून परत गेला आणि डिसेंबर १८६० मध्ये अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वारला. त्याला दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. हिंदुस्थानातील कामगिरीसाठी त्याला मिळालेली मार्क्विस ही पदवी औरस पुत्राअभावी त्याच्याबरोबर संपली. घराण्याची जुनी अर्ल ही पदवी मात्र चुलत भावाकडे गेली. तो चुलत भाऊ म्हणजे मॉल झालेल्या त्याच काकांचा मुलगा. त्याने पुन्हा रॅमसे नाव जोडून घेतले आणि गरुडाचे चिन्ह चालू राहिले. इकडे १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने आपले धोरण बदलले, संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या, आणि जानोजी भोसल्यांना राज्य नव्हे, तरी 'देऊरचे राजाबहादूर' ही पदवी देऊन त्यांचा वारसा मानला. ज्या बाकाबाई त्यासाठी झगडल्या त्या मात्र १८५८ मध्येच निवर्तल्या होत्या.

येथे एखादा वाचक म्हणेल, परक्यांचे दोष दाखविणे सोपे आहे. ते खरे आहे. म्हणून आपल्या अंगणातही पाहू. पांढुर्ण्यास जाम नदीच्या पात्रात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावितात. एका तीरावर पांढुर्णे, दुसऱ्या तीरावर सावरगाव. त्या झेंड्यासाठी दोन्हीकडून गोटमार होते. शेकडो माणसे जखमी होतात, काही वर्षी प्राणही गेले आहेत. शेवटी झेंडा चंडीमातेच्या चरणी नेऊन वाहतात. एका प्रेमी जोडप्याच्या मृत्यूची कथा या चालीच्या मुळाशी सांगतात. म्हणजे स्मरण करावयाचे ते दोन जिवांच्या वियोगाचे, आणि त्या स्मरणासाठी दरवर्षी नवी घरे दुःखात पडावयाची! झेंडा अखेर देवीचाच होणार आहे हे दोन्ही तीरांना ठाऊक असते. मग तो दोन्ही गावांनी मिळून नेला तर देवी काय कमी प्रसन्न होईल? स्कॉटलंडनेही असा खेळ पाहिला आहे. १३९६ मध्ये पर्थ येथे राजासमोर दोन कुळांचे तीस तीस गडी एकमेकांना मारावयास उभे राहिले, आणि त्यातले थोडेच परत गेले. कुळाचा मान राहिला असे त्यांना वाटले असेल. आज त्या मानाचे काय उरले आहे?

आपली दुसरी उणीव घरातली आहे. दत्तकाला आपण गोत्र दिले, पण मुलीला कुळाची वारस मानावयास फार काळ लावला. १९५६ च्या कायद्याने मुलगी दत्तक घेण्याची मोकळीक झाली, आणि २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत तिला जन्मतः मुलाइतका हक्क मिळाला. कायद्याने मिळकतीचा प्रश्न सोडविला. देवघराचा प्रश्न अजून आपण सोडवावयाचा आहे. आईवडिलांची सेवा मुलीने केली आणि कुलाचाराचा अधिकार मात्र दूरच्या पुतण्याला, असे ज्या घरात घडते त्या घराला डलहौसीवर दोष ठेवण्याचा अधिकार कितपत आहे, याचा विचार करावा.

ज्यांनी वारशाचा खरा अर्थ ओळखला अशी माणसेही आपल्यातच झाली. सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडण्याचे सत्र आरंभिले, तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा त्यांच्या कुळाव्यांनी नदीपलीकडे नेली. मागे घरे राहिली, बागायती राहिल्या, गावातला मान राहिला. बरोबर आला तो देव आणि त्याची सेवा करण्याचा संकल्प. आज मंगेशी आणि कवळे येथे जो वैभवाचा दीप तेवतो आहे, तो त्या रात्री रिकाम्या हातांनी निघालेल्या माणसांनी नेलेल्या ज्योतीवरचा आहे. त्यांच्याजवळ ढालीवर रंगविलेले चिन्ह नव्हते. जे होते ते ब्रीद, आणि ते त्यांनी राखले.

आता पुन्हा मारुतीकडे वळू. शेपटाच्या त्या प्रसंगी भीमाचा गर्व उतरल्यावर मारुतीने त्याला वर दिला, की युद्धाच्या वेळी मी अर्जुनाच्या ध्वजावर बसेन. म्हणून अर्जुन कपिध्वज झाला. ध्वजचिन्हांत याहून मोठे चिन्ह कोणते असणार? परंतु शल्यपर्वात जे सांगितले आहे ते पाहा. युद्ध संपले, तेव्हा श्रीकृष्णाने अर्जुनाला रथातून आधी उतरावयास सांगितले. अर्जुन उतरला, मग कृष्ण उतरला. ध्वजावरील कपी अंतर्धान पावला, आणि त्याच क्षणी तो रथ घोड्यांसकट, जोखडासकट जळून भस्म झाला. द्रोण व कर्ण यांच्या अस्त्रांनी तो आधीच दग्ध झाला होता. आत बसलेल्याच्या सामर्थ्यावर उभा होता इतकेच. दुर्योधनाच्याही ध्वजावर चिन्ह होते, रत्नांचा नाग होता. पण त्या ध्वजाखाली धर्म नव्हता, आणि म्हणून त्याला तारणारेही कोणी नव्हते.

आपल्या घरातले टाक, देवके, मानाची निशाणे, पागोट्यांचे आणि पालख्यांचे हक्क यांची स्थिती त्या रथासारखी आहे. त्यात सेवा, सत्य आणि दुसऱ्यासाठी झिजण्याची तयारी वसत असेल तोवर ती उभी राहतील, मग वारस पोटचा असो, घेतलेला असो, मुलगी असो वा परक्या गावातून आलेला कोणी भक्त असो. ते निघून गेले तर वंशावळीचा कागद कितीही जुना असला तरी काय उपयोग?

जामसांवलीला गेलात तर पिंपळाखाली पहुडलेल्या त्या देवासमोर क्षणभर थांबावे आणि आपले आडनाव, गोत्र, गाव सांगण्यापूर्वी आपण यंदा कोणासाठी काय केले ते आठवावे. भीमाला आपली पूर्ण वंशावळ पाठ होती. मारुतीने त्याला त्यातले काही विचारले नाही. शेपूट उचल, एवढेच सांगितले.